हिस्लॉप कॉलेजचा क्रीडाशिक्षक

१९५५ सालच्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात २७ वर्षांचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण ‘नागपूर टाइम्स’ वाचीत होता. अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी ह्या शहरी काळ्या लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार पुकारला आहे, व मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण धर्मोपदेशक त्यांचा पुढारी झाला आहे, अशी बातमी त्याच्या दृष्टीस पडली. ती वाचताच तो हर्षाने ओरडत उठला. जी गोष्ट शिकण्यासाठी तो सातासमुद्रांपलीकडे येऊन राहिला होता, ती त्याच्या पाठीमागे त्याच्याच देशात सुरू झाली होती. ह्या तरुणाचे नाव जेम्स लॉसन.

किंग ह्यांचे चरित्र आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९५९ साली ते भारतात आले आणि मुंबईस मणिभवनात उतरले, ह्याचा आपण अभिमानाने उल्लेखही करतो. परंतु काही आठवड्यांच्या त्या पाहुण्यापेक्षा आपल्या नागपुरात जवळजवळ तीन वर्षे राहून गेलेला हा दुसरा माणूस आपल्याला फारसा माहीत नाही. अहिंसक लढ्याचे शास्त्र जाणणाऱ्यांत खुद्द किंग त्यांना अग्रस्थान देत. म्हणून आज किंग ह्यांना थोडे बाजूस ठेवून लॉसन ह्यांच्याविषयी बोलण्याचे मी योजले आहे.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन येथे झाला. बालपण ओहायोतील मॅसिलन गावी गेले. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. पण हे धर्मोपदेशक कमरेला पिस्तूल बाळगीत. दक्षिणेत काळ्या माणसाला, मग तो पाद्री का असेना, त्यावाचून सुरक्षित वाटत नसे. आईचे मत अगदी उलट. एकदा रस्त्यात एका गोऱ्या पोराने छोट्या जेम्सला रंगावरून शिवी हासडली. जेम्सने त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईला सांगितले. आई रागावली नाही. कामावरची नजर न काढता तिने एवढेच विचारले, की बाळ, त्याने काय साधले? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे आयुष्य गेले, असे लॉसन म्हातारपणीही सांगत. तेव्हा त्यांची अहिंसा प्रथम आईकडून आणि ख्रिस्ताच्या शिकवणुकीतून आली. गांधीजी नंतर आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे श्रेय घेण्याची घाई फार असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

कोरियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा विद्यार्थी म्हणून किंवा भावी धर्मोपदेशक म्हणून सैन्यभरतीतून सूट मिळविणे त्यांना शक्य होते. त्यांनी ती मागितली नाही; भरतीसच नकार दिला. १९५१ साली तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यांपैकी १३ महिने त्यांनी तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनच्या वतीने ते नागपुरास आले. कॉलेजात त्यांचे काम दुहेरी होते : विद्यार्थ्यांची धार्मिक देखभाल आणि खेळांचे शिक्षण. गांधीजींना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. सेवाग्राम जवळच होते आणि गांधीजींबरोबर काम केलेली माणसे भेटत होती. आश्रमाच्या दर्शनाला येणारे पाश्चात्त्य त्या काळी पुष्कळ होते. लॉसन दर्शनापुरते आले नव्हते. सत्याग्रहाची तयारी कशी करतात, माणसे कशी निवडतात, कोणत्या ठिकाणी आघात करतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. मला तर असे वाटते, की त्यांच्या क्रीडाशिक्षकाच्या पेशाचा ह्याच्याशी निकटचा संबंध आहे. सामना जिंकावयाचा तर आधी मैदानावर सराव हवा, ही गोष्ट खेळ शिकविणाऱ्याला कोणी पटवून द्यावी लागत नाही.

१९५६ साली ते परतले. पुढच्या फेब्रुवारीत ओबर्लिन येथे किंग ह्यांची गाठ पडली. दोघेही २८ वर्षांचे. शिक्षण पुरे करून दक्षिणेत येईन, असे लॉसन म्हणाले. किंग ह्यांनी थांबू नका, आत्ताच या, असा आग्रह धरला. लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी आले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाला हवी ती वस्तू विकत घेता येई. पण त्याच दुकानात खाण्यापिण्याचा जो कट्टा असे, त्यापुढच्या स्टुलावर बसून कॉफी मागण्याची त्याला बंदी होती. वेगळ्या कपबशीचा इतिहास ज्या समाजाला आहे त्याला हा प्रकार उलगडून सांगावयास नको. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो अस्पृश्य गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, ते काही तहान लागली म्हणून नव्हे. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली, आणि तरीही आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. नॅशव्हिलची कॉफी त्याच जातीची होती.

एका चर्चच्या तळघरात लॉसन ह्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग भरविले. डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट ही पुढे गाजलेली मंडळी ह्या वर्गांत तयार झाली. तेथे प्रवचने कमी आणि तालीम अधिक. काही विद्यार्थी गुंडांची भूमिका घेत. बाकीच्यांच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत, शिव्या देत, खुर्चीवरून खाली ओढीत. खाली पडल्यावर डोके कसे झाकावे, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवावा, एकावर मार पडत असता दुसऱ्याने आपले अंग मध्ये घालून तो कसा वाटून घ्यावा, ह्याचा पुनःपुन्हा सराव होई. ज्याला राग आवरता येत नाही असे दिसे, त्याला दुसरे काम दिले जाई. अहिंसा हा संताचा स्वभावधर्म आहे, सामान्य माणसाचे ते काम नव्हे, असे आपण म्हणतो तेव्हा ह्या तळघराचा विचार करावा. तिथे कोणी संत नव्हते. विशीतली मुले होती, आणि त्यांतील पुष्कळांना भीती वाटत होती.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी शिस्तीने जाऊन त्या स्टुलांवर बसले. २७ तारखेला गुंडांनी त्यांना मारले. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना, ८० च्या वर. एकांची जागा रिकामी झाली की दुसरे येऊन बसत. आणि केवळ बसणे एवढाच हा लढा नव्हता. ईस्टरच्या तोंडावर काळ्या कुटुंबांनी ह्या दुकानांतून खरेदी बंद केली. व्यापाऱ्याच्या विवेकाला हाक मारताना त्याच्या गल्ल्याकडेही लक्ष ठेवावे लागते, ही गोष्ट लॉसन जाणून होते.

मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन ह्यांना काढून टाकले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी ह्यांच्या घरावर बाँब पडला. ते बचावले. त्याच दिवशी काही हजार माणसे मुकाट्याने चालत नगरपालिकेपर्यंत गेली. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौर बेन वेस्ट ह्यांना सरळ विचारले, की रंगावरून भेद करणे आपल्याला बरोबर वाटते काय? नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. १० मे रोजी शहरातील सहा दुकानांचे कट्टे सर्वांना खुले झाले.

त्याच वसंतात विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती निघाली. तिचे ध्येयपत्रक लॉसन ह्यांनीच लिहिले. १९६९ मध्ये त्या समितीने आपल्या नावातून ‘अहिंसक’ हा शब्द काढून टाकला. नव्या पिढीचा धीर सुटला होता, आणि ज्यांनी मित्रांची प्रेते उचलली त्यांना दोष देणे मला जमत नाही.

मेंफिस शहराची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती लॉसन ह्यांच्या अपयशाचीही कथा आहे. १९६२ पासून ते तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत असता एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत मागे आडोशाला बसले. कचरा दाबण्याचे यंत्र अकस्मात सुरू झाले, आणि दोघे चिरडून मेले. कोणाच्या ओसरीला उभे राहण्याची त्यांना सोय नव्हती. ११ दिवसांनी सुमारे १३०० कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर आले. संपाच्या पाठिंब्यासाठी नागरिकांची जी समिती झाली, तिची सूत्रे लॉसन ह्यांच्याकडे होती. किंग ह्यांना बोलावले ते त्यांनीच.

२८ मार्चचा मोर्चा बिघडला. मागच्या बाजूस काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, लॉसन ह्यांनी कर्णा हाती घेऊन मोर्चा परत फिरविला, आणि त्या गोंधळात लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. नॅशव्हिलमध्ये तळघरात महिनेच्या महिने तालीम झाली होती. इथे हजारो माणसे एका सकाळी जमली होती. मोर्चा अहिंसक करून दाखविण्यासाठी किंग पुन्हा आले आणि ४ एप्रिल रोजी त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची संघटना मान्य केली व संप मिटला. आपण बोलावले म्हणून मित्र आला आणि मारला गेला, हे ओझे उराशी बाळगून लॉसन ह्यांनी पुढची ५६ वर्षे काढली.

त्या खुनाबद्दल जेम्स अर्ल रे ह्या माणसाला शिक्षा झाली. लॉसन त्याला तुरुंगात भेटत. तो खुनी नव्हे, असे त्यांचे मत झाले होते. ते मत आपण मानू वा न मानू; परंतु १९७८ साली तुरुंगातच रे ह्याचे लग्न झाले, तेव्हा ते लावण्यास जो धर्मोपदेशक उभा राहिला तो जेम्स लॉसन होता.

१९७४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि १९९९ पर्यंत तेथील होल्मन चर्चचे काम त्यांनी पाहिले. ज्या व्हँडरबिल्टने त्यांना हाकलले त्यानेच २००६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी सन्मानाने बोलावले. ते गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातही अनेक वर्षे ते अहिंसेचा वर्ग घेत. हॉटेलांतल्या खोल्या झाडणाऱ्या कामगारांच्या लढ्यांत त्यांचा सल्ला घेतला जाई. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते लॉस एंजेलिस येथे वारले.