पवनीचा नाग आणि नागपूरचा नाला

आजच्या भागात जायचंय भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, वैनगंगेच्या काठी. घाट आणि देवळांमुळे तिला विदर्भाची काशी म्हणतात. पण आपण त्याच्याही मागे जाऊ, दोन हजार वर्षांहून जास्त.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथल्या जगन्नाथ टेकडीवर खोदकाम केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. वर जगन्नाथाचं देऊळ आणि पोटात प्रचंड बौद्ध स्तूप! पवनीच्या शिल्पांतलं एक मला विसरता येत नाही. फणा उभारलेला नाग आणि त्याच्यासमोर रिकामं आसन. सोबत ब्राह्मी लिपीत नाव कोरलंय: मुचलिंद.

गोष्ट अशी. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असताना अवकाळी पाऊस सुरू झाला, सात दिवस. तेव्हा नागराज मुचलिंदाने त्यांच्याभोवती वेटोळं घालून डोक्यावर फणा धरला. त्या काळात बुद्धांची मानवी मूर्ती घडवायची पद्धत नव्हती, म्हणून आसन रिकामं. म्हणजे चित्रात दिसतो तो नाग. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस दिसतच नाही.

आता लगेच ‘आपले पूर्वज किती पर्यावरणवादी’ वगैरे म्हणू नका. स्तूपाला दान देणाऱ्यांनी आपली नावं दगडावर व्यवस्थित कोरून घेतलीत. मिरवायची हौस तेव्हाही होतीच. फरक एवढाच, की संकटात माणसाला नागाची गरज पडते हे त्यांना मान्य होतं.

आता दुसरा नाग. पवनीपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर नागपूर. 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने नाग नदीकाठी वसवलेलं हे शहर. नदीने शहराला नाव दिलं, शहराने नदीला सांडपाणी दिलं. आज तिथल्या बऱ्याच लोकांच्या तोंडी ती ‘नाग नाला’च आहे. एकदा नाला म्हटलं की पुढचं सोपं होतं ना! नदीत घाण टाकताना हात जरा तरी अडखळतो. नाला तर त्याचसाठी असतो.

पण हे पाणी नागपुरात थांबत नाही. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. तिथून खाली पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण, ज्याची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झाली. पूर्वी वाहतं पाणी थोडीफार घाण पुढे न्यायचं. आता ते धरणामागे साचतं, काठावर जलपर्णी माजते, मासेमारांच्या पोटावर पाय येतो. आणि धरणाच्या खाली, नदीच्याच वाटेवर, पवनीचे घाट.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळायला हवं. एकाचं आऊटपुट म्हणजे दुसऱ्याचं इनपुट. कोड पुढे ढकलला की आपला विषय संपला, असं समजणारा माणूस प्रत्येक टीममध्ये एक असतोच. इथे तसं अख्खं शहर वागतंय. फ्लश ओढला, संपलं. खाली वैजेश्वर घाटावर कुणी डुबकी मारतंय, हे त्याच्या गावीही नसतं. पवनीकरांनी तक्रार केली तर ती जायची कुठे? जिल्हा वेगळा, महापालिका वेगळी. नदी मात्र एकच.

पवनीचा स्तूप खोदून काढणाऱ्यांत नागपूरचं विद्यापीठ होतं, आणि त्यांच्याच शहराचं सांडपाणी आज पवनीकडे येतंय. पुढच्या भागात पवनीची तटबंदी आणि खंदक. भेटू.