फोनवरचे निदान आणि बाळंतिणीची खाट

१/ सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या प्रसूतिगृहात रात्री फोन वाजतो. 'बाळंतिणीला ताप आहे, काय द्यावे?' डॉक्टरांनी औषध सांगावे, की रुग्णाला आणायला सांगावे? या पेचाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ दूरध्वनीचा शोध १८७६ चा. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक प्रसंग छापून आला. मध्यरात्री आईने खोकणाऱ्या बाळाला दूरध्वनीजवळ धरले. डॉक्टरांनी खोकला ऐकला आणि आजार घातक नसल्याचे सांगितले.

३/ खोकला तारेवरून ऐकू येतो. बाळंतिणीचा रक्तस्राव ऐकू येत नाही. रक्तदाब मोजायला, पोट तपासायला जवळ माणूसच लागतो.

४/ महाराष्ट्रात हा प्रश्न २०१८ मध्ये न्यायालयासमोर आला. रत्नागिरीत सिझेरियननंतर घरी गेलेल्या एका स्त्रीची प्रकृती बिघडली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी तिला न तपासता फोनवरून औषधे सांगितली, असा आरोप होता.

५/ २५ जुलै २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. निदान चुकणे वेगळे आणि निदानाविना औषध देणे वेगळे, हा भेद न्यायालयाने केला. ही दोषसिद्धी नव्हती. तरीही डॉक्टरांमध्ये मोठी अस्वस्थता पसरली. फोनवर बोलावे तर गुन्ह्याची भीती. न बोलावे तर दूरच्या रुग्णाने जावे कुठे?

६/ उत्तर मिळाले ते महामारीत. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दूरस्थ सल्ला वैध ठरला. मात्र तो पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हा निर्णय डॉक्टरांचा आणि जबाबदारीही त्यांचीच. तातडीच्या प्रसंगी प्राथमिक सल्ला देऊन रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठवायचे.

७/ याच तत्त्वांनी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधील आरोग्य कर्मचाऱ्यालाही मान्यता दिली. 'ई-संजीवनी' सेवेत गावच्या आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी गर्भवतीचा रक्तदाब मोजून दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधू शकतात. पलीकडच्या डॉक्टरांच्या हाती मग केवळ नातेवाइकांचे वर्णन नसते, मोजलेला आकडा असतो.

८/ शुक्रवार पेठेतल्या त्या फोनलाही हाच निकष लागू पडतो: बाळंतिणीजवळ आत्ता कोण आहे आणि त्याने काय तपासले आहे? १८७९ मधल्या त्या प्रसंगातही बाळाला उचलून धरणारी आई होतीच.