चार अडतीस ते पाच तीन

दुपारी ३:३०. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. फुटबॉलचा सामना, पेठेविरुद्ध पेठ, गॅलरीत हलग्या कडाडताहेत. मी बावीस वर्षांचा, उजवीकडून पळणारा. बुटाच्या नाड्या दोनदा आवळतो.

४:००. शिट्टी.

४:३८. समोरचा बॅक अंगावर येतो. उजवा पाय रोवून मी डावीकडे वळतो. बुटाचे खिळे जमीन सोडत नाहीत. वरची मांडी फिरते, गुडघा आत मुडपतो. आतून ‘टक्’. गुडघ्याच्या पोटात फुलीसारखे दोन बंध असतात. पुढचा, एसीएल, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. नडगी पुढं सरकू न देणं आणि वळताना सांधा सावरणं हे त्याचं काम. पाऊल टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत तो तुटतो, असं अशा दुखापतींच्या चित्रीकरणांच्या अभ्यासात दिसलंय. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

४:४१. स्प्रे, क्रेप बँडेज. कळ ओसरते.
“जमतंय काय रं?”
“जमतंय.”
सरळ चालताना खरंच जमत होतं. तिथंच मी फसलो.

४:५५. उत्तरार्ध. मी पुन्हा मैदानात.

५:०३. तसंच वळण. बंध नसलेला गुडघा निसटतो आणि दोन हाडांमधली गादी चिमटून फाटते. पाय सरळच होईना. मला उचलून बाहेर नेतात.

संध्याकाळी ७:३०. गुडघा नारळाएवढा. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा आत साचलेलं रक्त. घरात चोळायला तेल गरम होतंय. अशा गुडघ्याला बर्फ हवा, आधार हवा, चोळणं नको.

पुढं एमआरआय, मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. मांडीमागच्या कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, त्यातून नवा बंध ओवला. हे कलम रुजायला महिने लागतात. ९ महिने मैदान बंद. बंध नवा मिळाला. गादीला मात्र रक्तपुरवठा फक्त कडेला असतो. माझी आतल्या भागात फाटली होती, तेवढी कापून टाकावी लागली. ती परत येत नाही, आणि अशा गुडघ्याची झीज लवकर होते.

चार अडतीसला तुटलं ते डॉक्टरांनी पुन्हा बांधलं. पाच तीनला गेलं ते माझ्या ‘जमतंय’मुळं गेलं. पोरांनो, ‘टक्’ ऐकू आलं की मैदान सोडा. बदली खेळाडू बाकावर बसलेलाच असतो.