दिनविशेष : १८ मार्च
राज्याभिषेक रंगवणारे धुरंधर

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. १९३० मध्ये त्यांनी काही काळ या संस्थेचे संचालकपदही सांभाळले.

पुस्तकांतील चित्रे हा त्यांचा हातखंडा. इंग्रज लेखक किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ त्यांच्याच चित्रांनी सजले. पण मराठी माणसाच्या मनात त्यांचे नाव कोरले गेले ते शिवराज्याभिषेकाच्या चित्रामुळे. शंभराहून अधिक माणसांचा भरलेला दरबार, सिंहासनावर महाराज आणि समोर झुकून मुजरा करणारा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन. परकी सत्ता डोक्यावर असताना हे दृश्य रंगवायला छाती लागते. या चित्राच्या छापील प्रती निघाल्या आणि दरबार सामान्यांपर्यंत पोचला.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला तर हा प्रसंग अधिकच जवळचा. महाराजांची कुलदेवता याच जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी; पण तुळजापूर तेव्हा आदिलशाही मुलखात होते. म्हणून महाराजांनी प्रतापगडावर भवानीचे मंदिर उभारले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाआधी तिथेच जाऊन त्यांनी देवीला सोन्याचे छत्र अर्पण केले. आज तुळजापूरच्या मंदिराची महाद्वारे शहाजीराजे आणि जिजाऊंच्या नावाने ओळखली जातात.

धुरंधरांनी आपल्या आठवणी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या.