राखणीची बंदूक आणि सरकती हद्द

घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूबद्दल प्रत्येकाने बोलायचं, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं. कुणी समई आणली, कुणी रेइश पोर्तुगेजांच्या काळातली नाणी. मी निवडलेली वस्तू आता आमच्या घरात नाही. ती म्हणजे माझ्या मोठ्या मामांची ठासणीची बंदूक. तिची गोष्ट सांगता सांगता पेडणे-डिचोलीच्या हद्दीचा इतिहास बराचसा येतो, म्हणून ते टिपण जरा वाढवून इथे देत आहे.

मामा दोडामार्गचे. त्यांच्याकडे शेती संरक्षणाचा परवाना होता. रानडुक्कर आलं की रात्री माचावर बसून हवेत बार काढायचा, एवढाच त्या बंदुकीचा उपयोग. बाराच्या आवाजाने डुकरं पळत, सकाळी मामांचे डोळे लाल असत. वर्षभर बंदूक माळ्यावर असे. दसऱ्याला ती खाली यायची, कोयता आणि नांगराच्या फाळाशेजारी ठेवायची, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची.

मग तिळारीचं धरण झालं. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प. आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये ही गावं पाण्याखाली गेली आणि त्यांतच मामांची जमीन गेली. मुलगा डिचोलीत नोकरीला होता, त्यामुळे मामा-मामी तिकडे राहायला आले. रस्ता जेमतेम पाऊण तासाचा. पण वाटेत राज्याची हद्द लागते. मामांनी बंदूक नेण्याची परवानगी काढायचं ठरवलं आणि तिथून हेलपाटे सुरू झाले.

"गोयांत कायदो कडक," असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि आम्हा सगळ्यांना ते खरं वाटलं. मीही बरीच वर्षं तेच सांगत होतो. नंतर कायदा उघडून वाचला तेव्हा कळलं की आमची समजूत चुकीची होती. चूक नेमकी कुठे होती, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

माणूस तिथेच, राज्य दुसरं

आज आपण ज्या भागाला नव्या काबिजादी म्हणतो, त्यातलं डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचं आलं ते 1781 मध्ये. पेडणे आलं 1788 मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. त्याआधीही हा मुलूख हातोहात फिरत होता. 1746 मध्ये व्हाइसरॉयने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याला 'मार्केज द आलोर्न' हा किताब मिळाला. पुढे तो किल्ला पुन्हा भोसल्यांकडे गेला. म्हणजे हळर्णच्या शेतकऱ्याने बिऱ्हाड हलवलं नाही, तरी एका आयुष्यात त्याने दोन-तीन राज्यं पाहिली. घरातली तलवार वा बंदूक ठेवायची की नाही, हे दरवेळी नवा राजा ठरवणार.

एकोणिसाव्या शतकात हद्दीच्या दोन बाजूंचा फरक जास्त ठसठशीत झाला. 1838 मध्ये सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी हातात घेतला. 1844 मध्ये कोल्हापूरकडे गडकऱ्यांचा उठाव झाला, तो सावंतवाडीत पसरला. फोंड सावंत तांबुळकर त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक, आणि वाडीचे युवराज अण्णासाहेबही त्याला मिळाले. मनोहर-मनसंतोष गड पडल्यावर ही मंडळी कुठे गेली? गोव्यात. इंग्रजांनी मागणी करूनही पोर्तुगीजांनी त्यांना आसरा दिला. हद्द ओलांडली की पलीकडचं फर्मान संपतं, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. पण आसऱ्याचा भरवसा कायम राहिला नाही. 1858 मध्ये फोंड सावंतांच्या मुलांनी याच सरहद्दीच्या रानातून पुन्हा लढा दिला, शेवटी ते पोर्तुगीजांच्या स्वाधीन झाले आणि त्यांना थेट तिमोरला पाठवण्यात आलं.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी आपल्या हद्दीत शस्त्रं काढून घेण्याचा कायदा केला. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धत पक्की झाली. युरोपियनांना सूट, देशी माणसाला परवाना, अशी त्याची रीत. ब्रिटिश हद्दीत जमिनीवरून किंवा समुद्रावाटे शस्त्रं आणायलाही परवाना लागे. स्वतःच्या वापरापुरत्या शस्त्राला सवलत होती, पण ते बाळगायचा हक्क आधीच असलेल्यालाच. सावंतवाडी हे संस्थान, बेळगाव ब्रिटिश मुलूख, गोवा पोर्तुगीजांचं. एका दिवसाच्या पायी वाटेवर तीन राजवटी!

गोव्याच्या बाजूलाही शस्त्र ही राजकारणाचीच बाब होती. 1852 मध्ये सत्तरीत दीपाजी राणे उठले, 1855 मध्ये तडजोड झाली आणि सरकारने त्यांना मानाची तलवार दिली. ज्याच्या हातून शस्त्र काढून घ्यायचं, त्यालाच शस्त्र देऊन गप्प करायचं! 1895 मध्ये आफ्रिकेत जायला नकार देणारे मराठा शिपाई सरकारी बंदुकांसकट पणजीहून सत्तरीत गेले, राणे त्यांना मिळाले आणि बंड मोडायला पोर्तुगालहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

1961 आणि 1962

18 डिसेंबर 1961 च्या सकाळी भारतीय सैन्याच्या पॅरा ब्रिगेडच्या तुकड्या दोडामार्गच्या बाजूनेच गोव्यात शिरल्या. दुसऱ्या दिवशी साडेचारशे वर्षांची राजवट संपली. यावेळीही पेडणे-डिचोलीच्या माणसाने घर बदललं नव्हतं. राज्य त्याच्या दारात आलं होतं.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारताचा शस्त्र कायदा 1959 चा, पण तो देशात अमलात आला 1 ऑक्टोबर 1962 पासून. म्हणजे गोवा मुक्त होऊन दहा महिनेही झाले नव्हते. पुढे गोव्यालाही तोच लागू झाला. दोडामार्ग आणि डिचोली शस्त्रांच्या बाबतीत शतकानुशतकं वेगळ्या नियमांखाली होते, ते जवळजवळ एकाच वेळी एका नव्या कायद्याखाली आले. हा विषय केंद्राचा आहे. त्यामुळे कागदोपत्री महाराष्ट्र सैल आणि गोवा कडक, असं काही नाही.

मग मामांची बंदूक अडली कुठे?

परवाना माणसाचा की जमिनीचा

नेहमीच्या परवान्याचं सोपं होतं. 1962 च्या नियमांप्रमाणे घर बदलून शस्त्र बरोबर नेलं, तर 30 दिवसांत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं. शेती संरक्षणाच्या परवान्याची जात वेगळी. कायद्यातच ठासणीच्या बंदुकीसाठी पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीचं कारण वेगळं नमूद आहे. परवान्यावर भाग लिहिलेला असतो, कोणत्या जनावरांसाठी तेही असतं. म्हणजे परवान्यावर नाव मामांचं असलं, तरी त्याचा आधार ती जमीन होती. आणि जमीन तर पाण्याखाली.

डिचोलीत मामा एका ओळखीच्या माणसाची कुळागराची पट्टी कसत होते. डुकरं तिथेही येत, माकडं तर रोजची. गवेही येत, पण तो गोव्याचा राज्यप्राणी, त्याच्या वाटेला कोण जाणार. नव्या परवान्यासाठी जमिनीचा कागद मागितला. मामांनी जपून ठेवलेला सातबारा काढून दिला. कचेरीतल्या माणसाने तो बघितला आणि म्हणाला, "काका, हंगा एक-चौदा जाय." गोव्यातला एक-चौदाचा उतारा म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा भाऊ. पण त्यावर मामांचं नाव ना मालक म्हणून, ना कूळ म्हणून. सगळा व्यवहार तोंडी. राखायला शेत होतं, कागदावर मात्र शेत नव्हतं.

त्या कारकुनाचं काही चुकलं, असं मला आज वाटत नाही. पण धरणग्रस्ताला मोबदला मोजताना झाडं मोजतात, घराचे वासे मोजतात. जमिनीबरोबर तिच्या राखणीचा हक्कही जातो, तो कुठल्याच यादीत नसतो.

जमिनीशी शस्त्राचं नातं जोडण्याची रीत देशात इतरत्रही आहे. कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाज आणि 'जम्मा' जमिनीचे धारक यांना परवान्यातून सूट आहे. ती इंग्रजांच्या काळापासून चालत आली आणि 2019 मध्ये केंद्राने 2029 पर्यंत वाढवली. तिथे जमिनीने हक्क दिला. आमच्याकडे जमीन बुडाली आणि हक्कही तिच्याबरोबर गेला.

बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मामांनी तसंच केलं. जमा करायला मी बरोबर होतो. पावती खिशात घालून बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "शेत पाण्यात गेलां, आता ती कोणाच्या राखणीक?" पुढे ती विकली गेली.

आता तिळारीच्या कालव्याचं पाणी डिचोली आणि पेडणे तालुक्यांत येतं. मामांच्या जुन्या शेतावरून आलेलं पाणी, असं मामी अजून म्हणतात. 2002 पासून हत्तीही दोडामार्गात येऊ लागले आणि हद्द न बघता इकडे-तिकडे करतात. त्यांना ना सातबारा लागतो, ना एक-चौदा.

दसऱ्याला मामेभाऊ कोयत्याशेजारी दारू ठेवायचं शिंग आणि परवान्याचं जुनं पुस्तक मांडतो. बंदुकीची जागा मोकळी ठेवतो.

वाचकांना एक विनंती. पोर्तुगीज काळातला शस्त्र परवाना, दंडाची पावती, 1962 नंतरचा पहिला भारतीय परवाना, असं काही तुमच्या घरी असेल, तर त्याचा फोटो मंडळाकडे पाठवा. जुनं हत्यारच सापडलं, तर लपवू नका. जुन्या घडणीचं, दुरुस्त करूनही चालणार नाही असं शस्त्र कायद्यातून वगळलेलं आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये. राजांचे तह दप्तरात सापडतात. शेतकऱ्याची बंदूक कधी आली आणि कधी गेली, हे मात्र अशा घरगुती कागदांतूनच कळेल.