भिंतीवरचा देव आणि देवळाचे दार

गेल्या महिन्यात मुंबईत जुनी चित्रे विकणाऱ्या एका दालनात गेलो होतो. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती काचेच्या चौकटीत टांगलेल्या होत्या. माहिती देणारे गृहस्थ अभिमानाने सांगत होते की, या छापांमुळे अस्पृश्यांच्या घरातही देव पोहोचला, म्हणजे कलेने समता आणली.

मित्रांनो, हा दावा तपासायलाच हवा.

हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्राच्या असंख्य प्रती काढल्या जात. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यालाही कागदावरचा देव पैसे मोजून घेता येत होता. इतके खरे. पण म्हणून देवळाचे दार उघडले का?

छापखाना निघून ३६ वर्षे झाल्यावरही, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. तो काही वर्षे चालला, तरी दार बंदच राहिले. बाजाराने आपल्यातले गिऱ्हाईक ओळखले. धर्माने माणूस ओळखला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा याच अनुभवातून आली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी घरातले देव उतरवले आणि तिथे बुद्ध व बाबासाहेब लावले. दीक्षाभूमी, चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून आणलेली ती स्वस्त चित्रे होती. एका समाजाने आपल्या भिंती स्वतःच्या निर्णयाने बदलल्या, ही कलेच्या इतिहासातली केवढी मोठी घटना! त्या दालनात मात्र त्यातले एकही चित्र नव्हते.

१९७२ च्या कायद्यानुसार चित्राला पुरावशेष म्हणायला ते किमान शंभर वर्षांचे असावे लागते. आपली १९५६ नंतरची चित्रे तोवर टिकतील का? घर रंगवताना, चाळ पाडताना आपणच ती फेकून देतो.

म्हणून तरुणांना एकच सांगणे: आजीच्या घरातले जुने चित्र उतरवाल तेव्हा ते टाकू नका. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असेल तर टिपून घ्या. कोणी, कुठून, कोणत्या वर्षी आणले ते आजीला विचारा आणि मागे लिहून ठेवा. आपला इतिहास दुसऱ्याच्या दालनात लागण्याची वाट पाहू नका.

जयभीम!