राब, राख आणि रोप

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च महिन्यांत घरोघरी खिडक्यांच्या कट्ट्यांवर लहान लहान कुंड्या मांडलेल्या दिसतात. बाहेरची जमीन अजून गोठलेली असते. म्हणून टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची यांचे बी घरात, उबेला पेरायचे आणि थंडीचा कडाका ओसरला की तयार रोपे बाहेर लावायची, अशी ही रीत. वाढीचा हंगाम लहान असतो, तो महिनाभराने लांबवण्याची ही युक्ती आहे.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. तरीही भात, नाचणी, कांदा, वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी आपण थेट शेतात न पेरता आधी रोपे तयार करतो. असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा नाही. येथे पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून कितीतरी अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे, नारायणगावच्या बाजूला येईपर्यंत तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. पश्चिमेला भातखाचरे आणि पूर्वेला भाजीपाला अशी पिकांची वाटणी त्यामुळेच झाली आहे. आणि रोपे वाढवण्याच्या दोन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या पद्धती या एकाच टापूत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक जुनी, राबाची. दुसरी नवी, प्लॅस्टिकच्या ट्रेची.

राब म्हणजे काय?

एक हेक्टर भात लावायचा तर त्यासाठी सुमारे दहा गुंठ्यांत रोपे वाढवावी लागतात. रोपांच्या या जागेला कुठे तरवा म्हणतात, कुठे दाढ, कुठे आवण. उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, ही जागा भाजून घेतात. आधी शेणाचा किंवा गोवऱ्यांच्या चुऱ्याचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, त्यावर वाळलेला पाला आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट दिशेने पेट घेत जाईल अशा बेताने राब पेटवतात. वरच्या मातीमुळे आणि वाऱ्याच्या विरोधामुळे आग भडकत नाही, ती धुमसत, हळूहळू पुढे सरकते. पहिल्या पावसाच्या सुमारास या भाजलेल्या जमिनीत बी पेरतात. तीन-साडेतीन आठवड्यांत रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईसाठीही हीच तऱ्हा.

या कृतीत किती बारीक विचार आहे ते पाहा. जमीन कोरडी असतानाच ती भाजली जाते. ओल्या मातीत बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च झाली असती. आग मंद ठेवली जाते, कारण झटपट भडकणारी ज्वाळा उष्णता वर हवेत सोडून देते, तर धुमसणारा थर ती खाली मातीला देतो. तरीही उष्णता काही बोटेच खोल जाते. पण तीन आठवड्यांच्या रोपाची मुळे तरी त्याहून खोल कुठे जातात?

सरकार आणि राब

हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केवळ शेतीचा नव्हता, तो हक्काचा होता. राबासाठी कवळ लागते आणि कवळ जंगलातून किंवा भातजमिनीला जोडून असलेल्या वरकस जमिनीतून आणावे लागते. १८७८ साली वनांचा कायदा झाला. सरकारने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी सुरू केली. झाडांच्या फांद्या छाटण्यावर बंधने आली. वनखात्याच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने राब म्हणजे इमारती लाकडाची नासाडी आणि अडाणी रूढी होती. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते : राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतका असंतोष माजला, की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. सह्याद्रीच्या अलीकडे, पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातही भात पिकवण्याची रीत तीच असल्याने अडचणही तीच होती.

याच काळात मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने एक शहाणपणाचे काम केले. वाद घालण्याऐवजी प्रयोग केले. खात्याचे संचालक ई. सी. ओझॅन यांनी राब केलेले आणि न केलेले वाफे शेजारी शेजारी ठेवून रोपांची तुलना सुरू केली. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी ब्रिटनहून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या प्रयोगांची दखल घेतली. राब हे निव्वळ खूळ नाही, त्याने रोपे खरोखर चांगली येतात, एवढे त्यातून स्पष्ट झाले. पण ती का चांगली येतात, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

राख की उष्णता?

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे राख. राखेत पालाश असते, थोडे स्फुरद असते, चुना असतो. आम्लधर्मी, पावसाने धुपलेल्या जमिनीला त्याचा फायदा होणारच. पण रोपाच्या हिरव्या जोमदार वाढीसाठी सर्वाधिक लागतो तो नत्र, आणि पालापाचोळा जळताना त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते. मग भाजलेल्या जमिनीतील रोपे गर्द हिरवी कशी?

या कोड्याला हात घातला पुण्याच्या कृषी महाविद्यालयाने. १९०७ पासून तेथे प्राचार्य असलेले डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. महाराष्ट्रातील खेड्यांच्या त्यांनी केलेल्या सामाजिक पाहण्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. राबावरचे त्यांचे काम त्यामानाने विस्मृतीत गेले आहे. एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पश्चिम भारतातील राबपद्धतीवर एक प्रबंध लिहिला. भारत सरकारच्या कृषी खात्याच्या रसायनविषयक मालिकेत तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण राखेपुरता नाही, माती तापण्यालाच मोठे महत्त्व आहे, हा त्यातील कळीचा विचार.

योगायोग असा, की इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन हे दोन शास्त्रज्ञ याच सुमारास दुसऱ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले होते. माती तापवली किंवा तिला काही रसायनांची वाफ दिली की तिची सुपीकता वाढते, असे त्यांनी १९०९ साली दाखवले होते. मातीतील काही सूक्ष्म प्राणी उपयुक्त जिवाणूंना खातात आणि उष्णतेने ते मरतात, म्हणून सुपीकता वाढते, असा त्यांचा कयास होता. पुढे तो जसाच्या तसा टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले. इंग्लंडमध्ये काचघरांत टोमॅटो आणि काकडी पिकवणारे शेतकरी वाफेने माती तापवून घेऊ लागले.

आज आपल्याला या घटनेचे अधिक नेमके चित्र काढता येते. माती तापली की तिच्यातील असंख्य सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्या शरीरातील नत्र मोकळे होते. जे जिवाणू बीजाणूंच्या रूपात तग धरतात, ते पाऊस पडताच वेगाने वाढतात आणि सेंद्रिय पदार्थांपासून अमोनियम तयार करतात. अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू मात्र उष्णतेला नाजूक असतात, त्यांची संख्या पूर्ववत व्हायला वेळ लागतो. परिणामी मातीत अमोनियम साठते. नायट्रेट मुसळधार पावसात सहज वाहून जाते. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते, आणि भात हे अमोनियम उत्तम रीतीने घेणारे पीक आहे! शिवाय वरच्या थरातील तणांचे बी जळते, रोपे कुजवणाऱ्या बुरशी आणि सूत्रकृमी कमी होतात, आणि चिकट माती भाजून भुसभुशीत झाल्याने रोपे मुळे न तुटता उपटता येतात. पावसाच्या माऱ्यात तण काढत बसणे किती अवघड असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातील तणांचा मुद्दाच सर्वांत मोलाचा वाटेल.

ट्रेमधील राब

आता पूर्वेकडे नारायणगावला या. येथील टोमॅटोचा बाजार राज्याबाहेरही प्रसिद्ध आहे. या परिसरातील रोपवाटिकांत शेडनेटखाली प्लॅस्टिकचे ट्रे ओळीने मांडलेले असतात. एकेका ट्रेत शंभरएक कप्पे, प्रत्येक कप्प्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आणि त्यात एकच बी. संकरित बियाणे महाग, तेव्हा एकेक बी उगवलेच पाहिजे. उघड्या वाफ्यात पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. निर्जंतुक केलेल्या कोकोपीटमध्ये हा धोका पुष्कळ कमी होतो. बारीक जाळीमुळे पांढरी माशी आणि तिच्यामार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू दूर राहतो. तण तर नसतेच.

हे वर्णन ओळखीचे वाटते ना? थोडक्या जागेत, तणविरहित, रोगविरहित, भुसभुशीत माध्यमात रोप वाढवायचे आणि सशक्त झाल्यावरच त्याला मोठ्या शेतात पाठवायचे. राबाचे उद्दिष्ट हेच होते. साधने बदलली आहेत, तत्त्व तेच आहे.

या दोन टोकांच्या मधलाही एक मार्ग आहे. इस्रायलमध्ये जाकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले, की उन्हाळ्यात ओलसर मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक काही आठवडे अंथरले तर नुसत्या उन्हाने माती इतकी तापते, की अनेक रोगजंतू आणि तणांचे बी मरते. येथे माती मुद्दाम ओली ठेवतात, राबात मुद्दाम कोरडी. कारण उन्हाची उष्णता सौम्य असली तरी दीर्घकाळ मिळते, आणि ओलाव्यात ती खोलवर पोहोचते व जंतूंना अधिक मारक ठरते. राबाची आग तासांचीच असते, तेथे पाणी अडथळाच.

किंमत कोणी मोजायची?

राब शास्त्रशुद्ध ठरला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. दहा गुंठ्यांसाठी लागणारे कवळ त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावरच्या झाडांवरून येते. म्हणजे जंगलातील अन्नद्रव्ये दरवर्षी खाचराकडे वाहतात, आणि पालवी वारंवार छाटली गेलेली झाडे खुरटतात. जे शेण आणि पाला खत झाला असता, त्याचा धूर होतो. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातील महादेव कोळी शेतकऱ्यांपुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. 'राब बंद करा' एवढे सांगून भागत नाही. राब जी कामे करतो, ती प्रत्येक कामे दुसऱ्या कशाने तरी करून द्यावी लागतात.

डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचे महत्त्व येथे कळते. तिच्यात भाताच्याच तुसाची काळी राख रोपांच्या गादीवाफ्यात मिसळतात. तीतून सिलिका मिळते आणि रोपे कणखर होतात. शेतीच्या बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून खाचरात वापरतात. राख हवी, पण जंगल न तोडता. पाला हवा, पण बांधावरचा. तणांचा बंदोबस्त मात्र वेगळा करावा लागतो, हे विसरून चालत नाही.

वर्गात करून पाहा

राख की उष्णता, हा मॅन यांच्यापुढचा प्रश्न विद्यार्थ्यांनाही सोडवता येतो. एकाच शेतातील कोरडी माती चाळून तिचे चार भाग करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात मूठभर राख मिसळा. तिसरा लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली मंद आचेवर अर्धा तास परतून पूर्ण थंड होऊ द्या. चौथा तसाच परतून त्यात राखही मिसळा. माती लाल होईपर्यंत भाजू नका, अति तापलेल्या मातीत रोपांना अपायकारक घटक मोकळे होतात. प्रत्येक भागाच्या किमान तीन कुंड्या करा, त्यांत नाचणीचे किंवा भाताचे सारखेच बी मोजून पेरा आणि पाणीही सारखे घाला. रोज उगवलेले तण मोजा. एकविसाव्या दिवशी रोपांची उंची, पानांचा रंग आणि मुळे यांची नोंद करा.

प्रत्येक प्रकारच्या तीन कुंड्या कशासाठी, पहिल्या भागाला काहीच न करता तो का ठेवायचा, हे प्रश्न विद्यार्थ्यांना आधी विचारा. निष्कर्ष एका गावाहून दुसऱ्या गावी वेगळे येऊ शकतील, कारण माती वेगळी असते. तसे आले तर ते लपवू नका. शेजारच्या शाळेच्या नोंदींशी ताडून पाहा. ज्या मुलांच्या घरी आजही राब भाजला जातो, त्यांच्या आजी-आजोबांना शाळेत बोलावून कोणत्या झाडाचे कवळ का निवडतात ते विचारून घ्या. १८८० च्या दशकात अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना हा प्रश्न आधी विचारला असता, तर बराच वाद टळला असता.